कमानी ट्यूब्सचा धडा : उद्देशाला हिशोबवहीही लागते



कुर्ला पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावरचा एक भाग आजही ‘कमानी’ म्हणूनच ओळखला जातो. हे नाव रामजीभाई कमानी यांच्या उद्योगसमूहाचे. त्या समूहातल्या कमानी ट्यूब्स या कारखान्याची गोष्ट आपल्या तरुणांना माहीत आहे, पण अर्धीच.

माहीत असलेला अर्धा भाग कल्पना सरोज यांचा. अकोला जिल्ह्यातली मुलगी, बालविवाह, सासरचा छळ, मुंबईत दोन रुपये रोजावर शिवणकाम, आणि पुढे बुडालेल्या कंपनीच्या अध्यक्षा. २०१३ मध्ये पद्मश्री. प्रेरणादायी भाषणांत ही कहाणी ‘जिद्द असेल तर काहीही शक्य’ या वाक्यावर संपते. मला आक्षेप आहे तो या वाक्याला. कल्पनाताईंच्या जिद्दीबद्दल शंका नाही. पण एवढेच सांगितले की कामगार गळतात, कायदा गळतो, सरकारी कर्ज गळते. मग ज्याचा धंदा बुडाला त्याच्यात जिद्दच नव्हती, असा अर्थ आपोआप निघतो.

म्हणून गाळलेला अर्धा भाग आधी पाहू.

संस्थापकांच्या पश्चात कमानी कुटुंबात वाद झाले आणि १९८५ मध्ये कमानी ट्यूब्स बंद पडली. मालकांकडे पैसा, ओळखी, यंत्रे सगळे होते. मात्र कारखाना पुढची वीस वर्षे चालावा, असे वाटायला लावणारे कारण उरले नव्हते. ते कारण कामगारांकडे होते. त्यांच्या युनियनने कारखाना स्वतः चालवण्याची योजना मांडली. आजारी उद्योगांसाठी नेमलेल्या मंडळाने ती मंजूर केली आणि सप्टेंबर १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. मोठा खासगी कारखाना कामगारांच्या मालकीचा झाल्याचे हे देशातले गाजलेले उदाहरण ठरले. कामगारांनी त्यात भविष्य निर्वाह निधीतली रक्कमही घातली. विचार करा, बंद कारखान्यात म्हातारपणाची पुंजी कोण टाकेल? झटपट नफा शोधणारा तर नक्कीच नाही. ज्याचे घर, मुलांची शाळा आणि हाताचे कौशल्य त्या यंत्रांशी बांधलेले आहे, तोच टाकेल. उद्देशामुळे भांडवलाला धीर येतो तो असा.

पण इतिहास इथे थांबत नाही. काही वर्षांत खेळते भांडवल आटले, युनियनमध्ये फूट पडली, कर्ज वाढत गेले. उद्देश खरा होता, तरी तांबे उधार घ्यावे लागते आणि बँकेचे व्याज दर महिन्याला चढते. निर्णय कोणी घ्यायचा, हिशोब कोणाला द्यायचा, हे ठरलेले नसेल तर चांगल्या हेतूची माणसेही एकमेकांविरुद्ध उभी राहतात.

२००० च्या सुमारास कामगार कल्पना सरोज यांच्याकडे गेले. त्यांचा स्वतःचा व्यवसाय उभा राहिला होता तो सरकारी योजनेतल्या ५० हजारांच्या कर्जावर. कंपनीवर ११६ कोटींचे कर्ज आणि १४० खटले होते, असे त्यांनी सांगितले आहे. २००६ मध्ये त्या अध्यक्षा झाल्या. बँकांशी बोलून त्यांनी दंड आणि व्याज माफ करून घेतले. बँकांचे कर्ज फेडायला ७ वर्षे आणि कामगारांची देणी द्यायला ३ वर्षे मुदत होती. दोन्ही मुदतीआधीच चुकती केल्याचे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. पुढे कारखाना वाड्याला गेला. म्हणजे कंपनी वाचली, पण कुर्ल्यातला रोजगार गेला. हेही लिहून ठेवायला हवे.

बाबासाहेबांनी हा मेळ फार आधी घातला होता. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे वर्ग सकाळी भरत. उद्देश भाषणात राहिला नाही, तो वेळापत्रकात उतरला. आणि त्याला नोंदणीकृत संस्थेची चौकट मिळाली. १९५० मध्ये औरंगाबादला दुसरे कॉलेज उभे राहिले ते याच पायावर.

बुद्धांनीही सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी, चौथा संकटासाठी राखीव. अर्धी कमाई पुन्हा कामात घालायची! हा उपदेश आपण वंदनेनंतर किती वेळा समजावून सांगतो?

घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या वस्त्यांत मी बचतगटांचे काम करते. जयंतीला गल्लीगल्लीतून वर्गणी जमते, पावत्या फाटतात, हिशोब फलकावर लागतो. म्हणजे सामूहिक पैसा उभा करण्याची आणि त्याचा जाब देण्याची सवय आपल्यात आहे. मग तीच सवय वर्षभर चालणाऱ्या नोंदणीकृत सहकारी संस्थेत का उतरू नये? सरकारी महामंडळांच्या कर्जासाठी संघर्ष करायचाच, तो आपला हक्क आहे. मात्र कर्ज मिळाल्यानंतरच्या दहा वर्षांचा आराखडाही आपलाच हवा : निर्णय कोण घेणार, हिशोब कोण तपासणार, भांडण कुठे मिटणार.

कमानीच्या कामगारांकडे उद्देश होता. तो टिकवणारी व्यवस्था त्यांना मिळाली नाही. ती उभी करणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

जय भीम!