नकाशा सर्वांत शेवटी

आठ वर्षांच्या मुलाला भूगोल शिकवायचा, तर आरंभी त्याच्या हाती काय द्यावे? दोनशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधील एका शाळेने या प्रश्नाचे उत्तर दिले होते: चिकणमाती. आजचा धागा त्या शाळेविषयी. 🧵

त्या काळच्या युरोपात बालकांचा भूगोल म्हणजे बव्हंशी घोकंपट्टी. अमुक देशाची राजधानी कोणती, अमुक नदी कोठे उगम पावते, अशी प्रश्नोत्तरे तोंडपाठ झाली की विषय संपला. पाठ करणाऱ्याने उगम नावाची गोष्ट कधी पाहिली आहे का, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

योहान हाइनरिश पेस्टालोझी (१७४६–१८२७) या शिक्षणतज्ज्ञाचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. आधी वस्तू, मग शब्द. ज्ञानाचा प्रारंभ प्रत्यक्ष अवलोकनातून. गंमत अशी की, १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गाजलेल्या ग्रंथात भूगोलाचा जो पाठ सुचवला आहे, त्यात जर्मनीतील गावांची नावे चक्क वर्णानुक्रमाने पाठ करायची आहेत! विचार एकीकडे, पाठ्यक्रम दुसरीकडे. क्रांतिकारकांच्या हातूनही जुनी सवय सहजी सुटत नाही.

१८०५ पासून त्यांची शाळा इव्हेर्दों या गावी भरू लागली. न्यूशातेल सरोवराचा काठ, जवळच ज्युरा पर्वत, आणि चार बुरुजांचा मध्ययुगीन किल्ला हीच शाळेची इमारत. तिथे आठ वर्षांचा असताना दाखल झालेल्या लुई व्ह्युलिएमँ याने पुढे आपल्या आठवणींत भूगोलाच्या तासाचे वर्णन करून ठेवले आहे.

मुलांना गावाबाहेर ब्यूरों नदीच्या अरुंद खोऱ्यात नेत. आधी सारे खोरे एका नजरेत न्याहाळायचे, मग एकेक बारकावा. तिथल्याच एका बाजूच्या थरांतली चिकणमाती शाळेत आणायची आणि मोठ्या टेबलांवर त्या खोऱ्याची उठावाची प्रतिकृती घडवायची. पुढच्या दिवशी पुन्हा फेरी. या वेळी जरा उंचावरून, जरा अधिक प्रदेश. परतल्यावर प्रतिकृतीला नवा तुकडा जोडायचा. अशा रीतीने सारा परिसर मातीत उभा राहिल्यावर एके दिवशी मुलांसमोर नकाशा उलगडला जाई. तोवर त्यांना तो वाचता येऊ लागलेला असे.

जरा थांबून विचार करा. नकाशावरील रेघ म्हणजे नदी, हे आपण मानून चालतो. ती मुले मात्र नदीकडून रेघेकडे आली होती. उताराची दिशा चुकली, तर ते त्यांच्या बोटांनाच कळले असणार.

१८०७ मध्ये कार्ल रिटर नावाचा एक तरुण गृहशिक्षक ही शाळा पाहावयास आला. पुढे बर्लिन विद्यापीठात भूगोलाचे अध्यापन करणारा आणि आधुनिक भूगोलाच्या संस्थापकांत गणला जाणारा हाच तो रिटर. पेस्टालोझींना प्राथमिक शाळेतील मुलाइतकाही भूगोल ठाऊक नव्हता, तरीही आपण भूगोल प्रामुख्याने त्यांच्याकडूनच शिकलो, अशा आशयाची कबुली त्याने दिली आहे. अर्थात, याच रिटरने आशियावर (त्यात हिंदुस्थानही आला) खंडच्या खंड लिहिले ते हिंदुस्थानात पाऊल न टाकता, हेही नोंदवून ठेवू!

नेपोलियनकडून पराभूत झालेल्या प्रशियाने राष्ट्राची घडी नव्याने बसवताना तरुण शिक्षकांना इव्हेर्दोंला धाडले. घर, गाव, जिल्हा, देश, मग जग हा क्रम जर्मन प्राथमिक शाळांत ‘हायमाटकुंडे’ या नावाने रुजला. हायमाट म्हणजे आपली भूमी, आपला मुलूख. आणि इथेच कथेला काळी किनार लागते. नात्सी राजवटीत हाच विषय रक्त आणि भूमीच्या विचारसरणीचा वाहक बनला. आपल्या ओढ्यापासून सुरू होणारा अभ्यास जगापर्यंत जाण्याऐवजी आपल्या सीमेशी अडवला गेला.

महाराष्ट्रातील वाचकांना हा क्रम परका वाटणार नाही. तिसरीत आपण आपापल्या जिल्ह्याचा भूगोल शिकलो. साताऱ्याच्या मुलाचे पुस्तक निराळे, नांदेडच्या मुलीचे निराळे. फरक इतकाच, की बहुतेकांच्या हाती आधी जिल्ह्याचा नकाशा आला; नदीवर गेलो ते सहलीला, तेही डबा खायला.

इव्हेर्दोंची शाळा शिक्षकांमधील भांडणांनी पोखरली जाऊन १८२५ साली बंद पडली. चिकणमाती वाहून आणणारा व्ह्युलिएमँ पुढे स्वित्झर्लंडचा इतिहासकार झाला.