उंबरठ्याआतले पिलू

माझ्या लहानपणीचे चाकण कांद्याच्या बाजाराचे होते, कारखान्यांचे नव्हते. आमचा कुत्रा अंगणात वाढला आणि अंगणातच म्हातारा झाला. 'बाहेर जा' असे त्याला कोणी शिकविले नाही; तो आत होताच कधी?

पिंपरीचे दिवस मात्र त्याआधीच पालटले होते. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागून औद्योगिक वसाहत, १९८२ साली महानगरपालिका. माणसे मजल्यांवर राहू लागली, तसे कुत्रेही जिना चढले. फरशीवर घाण करू नये हा श्वानधर्म फरशीबरोबरच जन्मला, म्हणा ना!

चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर मी दोन पिले पाळली. पहिले पोमेरेनियन, तोंडाळ. दोन महिन्यांच्या पिलाला दोनएक तासांपलीकडे धरवत नाही. झोपून उठले, खाल्ले, खेळले की उचलून खाली न्यायचे. काम झाले की तिथल्या तिथे खाऊ. रागावले तर ते उलट भुंके आणि विसरे.

दुसरे मुधोळचे. राजे मालोजीराव घोरपड्यांनी जोपासलेली ही शिकारी जात. २००५ साली तिचे टपाल तिकीटही निघाले. अंगाने काटक, मनाने हळवी. एकदा मी शिक्षकी आवाजात ओरडलो आणि त्याचे नाक ओल्या फरशीवर दाबले. तेव्हापासून ते माझ्यादेखत रस्त्यावरसुद्धा लघवी करीना. गुपचूप कपाटामागे जाई. आपली चूक त्याला कळलीच नव्हती. मी तेवढा कळलो होतो.

वास राहिला की पिलू तेथेच परतते, म्हणून सौभाग्यवतींनी ती जागा घासून धुतली आणि साखळी स्वतःकडे घेतली. महिन्याभरात ते तिच्याबरोबर उड्या मारीत खाली जाऊ लागले. माझ्याबरोबर यायला पुढची दिवाळी उजाडली.