बद्द आवाज

लहानपणी अम्मी कुंभारवाड्यात मडकं घ्यायला जायची, तेव्हा मी मागे मागे असायचो. मडकं कानाशी धरून ती बोटाच्या पेरानं टिचकी मारी. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर परत ठेवायचं. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. तेलविहिरींच्या भानगडीत माझं काय काम? पण त्या धंद्यातही अशीच एक टिचकी असते, असं वाचलं आणि तिच्या मागे लागलो.

तेलविहीर म्हणजे परसातली विहीर नव्हे. बोअरसारखं अरुंद, खोल भोक. त्यात पोलादी केसिंग सोडतात आणि केसिंग व खडक यांच्यामधल्या जागेत खालून वर सिमेंट चढवतात. ते नीट बसलं तर खालचा वायू त्या वाटेनं वर येत नाही. मुंबईच्या समुद्रात 'सागर सम्राट'ला १९७४ साली तेल लागलं, तिथल्या विहिरींनाही सिमेंट चुकलेलं नाही. पण हजारो फूट खाली, अंधारात, ते बसलं की नाही हे पाहणार कोण?

१९३० च्या दशकात थर्मामीटर सोडत. सिमेंट घट्ट होताना तापतं, त्यावरून ते कुठवर चढलं ते कळे. कसं बसलं ते कळत नसे. ते १९६० च्या सुमारास आवाजानं सांगितलं. तारेला बांधलेलं उपकरण खाली सोडायचं, त्यातून ध्वनी काढायचा आणि तीन व पाच फुटांवर तो ऐकायचा. नळी मोकळी असेल तर घंटेसारखी वाजते; सिमेंटनं घट्ट धरली असेल तर आवाज दबतो. अम्मीच्या मडक्याच्या नेमकं उलट. इथे बद्द तेच चांगलं!

या कानात खोट होती. चहूबाजूंचा आवाज एकत्र ऐकू येई, त्यामुळे पोकळी नेमकी कोणत्या बाजूला ते समजत नसे. केसाएवढी फट राहिली, तर चांगलं सिमेंटही वाईट वाटे. १९८० च्या दशकात अल्ट्रासॉनिक उपकरणं आली. आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी नळीच्या भिंतीवर सरळ मारून ती कशी वाजते ते पाहायचं. पुढे हा कान गोल फिरू लागला आणि सगळ्या बाजूंचा नकाशा मिळू लागला. तरी अर्थ लावायला माणूस लागतोच, कवितेसारखा.

२० एप्रिल २०१०. मेक्सिकोच्या आखातात बीपी कंपनीची मकोंडो विहीर, वर 'डीपवॉटर होरायझन' हा तरंगता रिग. सिमेंटचं काम मध्यरात्रीनंतर संपलं. ही आवाजी तपासणी करणारी तुकडी रिगवर हजर होती. खर्च सुमारे १ लाख २८ हजार डॉलर, वेळ नऊ ते बारा तास. गरज नाही असं ठरलं. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास ती तुकडी हेलिकॉप्टरनं परत गेली.

तपासणी झाली असती तर अनर्थ टळलाच असता, असं म्हणता येत नाही. नळीच्या अगदी तळाशी, आतल्या बाजूला असलेलं सिमेंट या उपकरणांच्या टप्प्यात येत नाही, आणि वायू तिथूनच शिरला असावा, असं चौकशांमध्ये पुढे आलं. संध्याकाळी दाबाची वेगळी चाचणी झाली; तिचाही अर्थ चुकीचा लावला गेला.

रात्री पावणेदहानंतर स्फोट झाला. विहिरीतून वाहणारं तेल थांबायला ८७ दिवस लागले. रिगवरचे अकरा कामगार गेले. त्यांचे मृतदेह सापडलेच नाहीत.