हट्ट्याच्या शिवारापर्यंत पोचणारं युद्ध

अणुयुद्ध म्हटलं की डोळ्यांपुढे शहर येतं, आणि ही सवय आपल्याला पुस्तकांनी लावली. जॉन हर्सी यांच्या १९४६ सालच्या 'हिरोशिमा'त एक शहर आहे आणि त्यातून वाचलेली सहा माणसं आहेत. १९६० साली हर्मन कान यांनी 'ऑन थर्मोन्यूक्लिअर वॉर'मध्ये किती कोटी माणसं गेली तरी देश पुन्हा उभा राहील, याचा हिशेब मांडला. महाराष्ट्रापुरता असा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी पोखरणच्या चाचण्यांनंतरच्या वर्षी, १९९९ मध्ये केला. मुंबईवर १५ किलोटनांचा, म्हणजे साधारण हिरोशिमाएवढा, एक बॉम्ब पडला तर १ लाख ६० हजारांपासून ८ लाख ६६ हजारांपर्यंत माणसं मरतील, असा त्यांचा अंदाज होता. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. या जिल्ह्यातलं, वसमत तालुक्यातलं हट्टा मुंबईपासून चारशे किलोमीटरहून दूर आहे. रमणांच्या या हिशेबात ते कुठेही येत नाही. तरीही या पुस्तकांचा पुढचा इतिहास वाचला की हट्ट्याचीही अणुयुद्धातून सुटका नाही, हे मान्य करावं लागतं.

कारण नंतर लक्ष स्फोटावरून धुराकडे वळलं. जोनाथन शेल यांनी १९८२ मध्ये 'द फेट ऑफ द अर्थ' लिहून साऱ्या जीवसृष्टीचा प्रश्न उभा केला. पुढच्याच वर्षी कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळत्या शहरांची काजळी सूर्यप्रकाश अडवेल आणि अणुहिवाळा येईल, असं गणित मांडलं. २००७ मध्ये ॲलन रोबॉक, ओवेन टून आदींनी भारत-पाकिस्तान युद्धात हिरोशिमाएवढे शंभर बॉम्ब पडले तर काय होईल हे तपासलं: सुमारे ५० लाख टन काजळी वर जाईल, तापमान उतरेल, मोसमी पाऊस घटेल. २०२२ च्या एका अभ्यासानुसार या दोन देशांच्या युद्धात, सर्वांत वाईट शक्यता धरली, तर जगभर २०० कोटींहून अधिक माणसं उपासमारीने मरू शकतात.

या आकड्यांचा अर्थ वसमत भागातल्या शिवारात लगेच कळतो. मृगाचा पाऊस झाला की सोयाबीन आणि तूर पेरायची. हळद तर जमिनीत आठ-नऊ महिने राहते. ऊन कमी झालं आणि पाऊस हुकला तर पूर्णेच्या कालव्यांनाही पाणी कुठून येणार? कुणी म्हणेल, मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळही पचवला. खरं आहे, पण कसा पचवला ते पाहिलं पाहिजे. माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडी खात होती, आणि रेशनला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळत होती. पाऊस इथे हुकला होता. दुसरीकडे पिकलं होतं, म्हणून धान्य आलं. अणुहिवाळ्यात पीक देणाऱ्या देशांचीच शेतं थंडीने गोठतील. मग मिलो पाठवणार कोण?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९१ मध्ये कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या तेव्हा त्या धुराने हवामानावर व्यापक परिणाम होईल, हे सेगन यांचं भाकीत खरं ठरलं नाही. धूर फार उंच गेलाच नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीही रोबॉक-टून यांच्या अंदाजाहून कितीतरी कमी काजळी वातावरणाच्या वरच्या थरात पोचेल, असं दाखवलं. पण विहिरीची आग आणि अख्ख्या शहराचं अग्नितांडव यांची जात वेगळी. शिवाय हा वाद किती पीक बुडेल याचा आहे. थोडंही बुडालं तर बाजार, खत, डिझेल यांची साखळी तुटू शकते. आणि अंदाज अनिश्चित आहे म्हणून धोका नाही, असा हिशेब कोणताही शेतकरी पेरणीच्या वेळी करत नाही.

२००३ मध्ये भारताने जाहीर केलेल्या अणुधोरणात आपण प्रथम वापर करणार नाही, हे वचन आहे. ते सैल करावं का, याची चर्चा दिल्ली-मुंबईत होते. तिचा परिणाम पेरणीवर होणार असेल, तर हट्ट्याच्या ग्रामसभेलाही त्यावर बोलण्याचा तेवढाच हक्क आहे, आणि तो हक्क बजावायला लागणारी माहिती या पुस्तकांत आणि अभ्यासांत आहे.