पाहुणा उपदेशक किती दिवस ठेवावा ?

गांवांत हरिदासबुवा यावयाचे असले म्हणजे कीर्तनाच्या विषयाची चर्चा मागाहून होई. अगोदरचे प्रश्न निराळेच असत. बुवांनीं उतरावयाचें कोणाकडे, मुक्काम किती दिवसांचा, आणि बिदागीची वर्गणी कोणीं जमवावयाची ? आज मी आपणांस सुमारें एकोणीसशें वर्षें मागें, सीरिया देशाकडे नेणार आहें. तेथील लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांपुढें बहुतेक हेच प्रश्न होते, आणि त्यांचीं उत्तरें त्यांनीं लिहून ठेविलीं आहेत. मंडळी या शब्दानें येथें एका गांवचा ख्रिस्ती समाज समजावा, इमारत नव्हे. इमारत त्यांच्यापाशीं नव्हतीच.

हीं उत्तरें आपल्या हातीं आलीं तो प्रकारहि ऐकण्याजोगा आहे. इ. स. १८७३ मध्यें कॉन्स्टँटिनोपल शहरांत, जेरुसलेमच्या ग्रीक मठाच्या तेथील ग्रंथालयांत, फिलोथेओस ब्रायेनिओस या विद्वान धर्माधिकाऱ्याला चर्मपत्रावर लिहिलेली एक जुनी पोथी सांपडली. लेऑन नांवाच्या लेखकानें ती इ. स. १०५६ त लिहून पुरी केली होती. तींत अनेक ग्रंथ एकत्र होते. पैकीं क्लेमेंटच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या पत्रांचें महत्त्व ब्रायेनिओसला प्रथम वाटलें व तीं त्यानें १८७५ त छापलीं. त्याच पोथींतील 'बारा प्रेषितांची शिकवण' हें छोटें पुस्तक मात्र १८८३ पर्यंत अंधारांतच राहिलें. सोळा लहान लहान अध्यायांचें हें पुस्तक 'डिडाखे' या ग्रीक नांवानें विद्वानांत प्रसिद्ध आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभीं तें रचलें गेलें, आणि तेंहि बहुधा सीरियाकडे, असा बहुतेक पंडितांचा अभिप्राय आहे.

त्या काळची मंडळी जमे कोणाच्या तरी घरांत. युफ्रेटिस नदीकांठच्या ड्यूरा-युरोपस या गांवीं १९३१-३२ च्या उत्खननांत असें एक घर निघालें. तें थोडें मागाहूनचें, तिसऱ्या शतकांतलें आहे. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली, आणि त्या खोलींत साठसत्तर माणसें दाटीवाटीनें बसावीं, एवढेंच त्यांचें सभागृह ! अशा मंडळीला बाहेरगांवच्या उपदेशकाची वाट पाहावी लागे. ग्रंथ हातानें उतरविलेले, म्हणून महाग आणि दुर्मिळ. नवा करार ज्या रूपांत आपण आज पाहतों त्या रूपांत अजून बांधला गेला नव्हता. ख्रिस्ताच्या वचनांची आणि इतर मंडळ्यांची वार्ता येई ती पायीं प्रवास करणाऱ्या माणसाच्या तोंडून. रोमन साम्राज्याच्या सडका चांगल्या होत्या, पण सडकेवरच्या खाणावळी व धर्मशाळा बदनाम होत्या. तेव्हां हा पाहुणा उतरणार तो मंडळीपैकीं कोणाच्या तरी घरींच. त्याला दार उघडलें नाहीं तर शिकवण बंद. आणि उघडावें तर आलेला मनुष्य कोण, हें कळावें कसें?

'डिडाखे'च्या अकराव्या अध्यायापासून या अडचणीचा विचार सुरू होतो. पहिली आज्ञा आदराची आहे : जो येऊन योग्य शिकवण देतो, त्याचा प्रत्यक्ष प्रभूचा करावा तसा सत्कार करावा. आणि लगेच हिशेब येतो. प्रेषितानें, म्हणजे गांवोगांव फिरणाऱ्या प्रचारकानें, एक दिवस राहावें. जरूर पडल्यास दुसराहि दिवस. तिसऱ्या दिवशीं राहिला तर तो खोटा. निघतांना पुढच्या मुक्कामापुरती शिदोरी त्यानें न्यावी, अधिक कांहीं नाहीं. पैसे मागितले तरीहि तो खोटाच. ज्याच्या राहण्याला पुरी तिथीहि लागत नाहीं तो अतिथि, अशी आपल्या स्मृतिकारांनीं केलेली व्युत्पत्ति आणि गांवीं एकच रात्र राहण्याचा संन्याशाचा जुना नियम ज्यांस आठवेल, त्यांस या बंधनाचें नवल वाटणार नाहीं. पण एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. आपला नियम मुख्यतः संन्याशाच्या वैराग्यासाठीं आहे; सीरियांतला नियम यजमानाच्या हातांत दिलेलें माप आहे.

संदेष्टा, म्हणजे दैवी संचार होऊन बोलणारा, आला म्हणजे पेंच अधिक कठीण होई. अंगांत आलेल्या माणसाच्या बोलण्याची परीक्षा करणें हें महापाप, असें हें पुस्तक बजावतें. मग लबाड ओळखावा कसा ? पुस्तकाचें उत्तर असें कीं, बोलणें तपासूं नका, वागणूक पाहा. संचारांत असतां त्यानें जेवणाचीं पानें मांडावयास सांगितलें, तर त्या पंक्तीला त्यानें स्वतः बसतां कामा नये. बसला तर तो खोटा. संचारांत 'मला पैसे द्या' म्हणेल त्याचें ऐकूं नये. मात्र दुसऱ्या गरजूंसाठीं मागेल तर त्याला कोणीं दोष देऊं नये. सत्य शिकवितो पण स्वतः आचरीत नाहीं, तोहि खोटा. हे नियम लिहिणाऱ्यानें असे भोजनभाऊ संदेष्टे डोळ्यांनीं पाहिले असले पाहिजेत. त्याशिवाय पानें मांडण्याची गोष्ट इतक्या नेमकेपणानें सुचणार नाहीं.

बाराव्या अध्यायांत सामान्य वाटसरूचा विचार आहे. त्याला दोन-तीन दिवस ठेवावें. कायमचा राहूं म्हणाला आणि हातीं कसब असलें, तर त्यानें काम करून खावें. कसब नसलें तर आपल्या अकलेनें सोय लावावी. पण ख्रिस्ती म्हणवून घेऊन कोणी आळशी बसूं नये. याला तयार नसेल त्याच्यासाठीं ग्रंथकारानें एक झणझणीत शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ, ख्रिस्ताच्या नांवाचा व्यापारी.

एवढ्यावरून ही मंडळी कंजूष होती असा ग्रह करून घेणें अन्यायाचें होईल. भाकरी मोजणारा हाच ग्रंथकार तेराव्या अध्यायांत म्हणतो कीं, खरा संदेष्टा तुमच्यांत राहूं इच्छील तर द्राक्षरसाचा, खळ्याचा, गुरांमेंढरांचा प्रथम वांटा त्याला द्या. भाकरी भाजाल तर पहिली त्याची, तेलाचा बुधला उघडाल तर पहिलें तेल त्याचें. खळ्यावर निघणाऱ्या बलुत्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार. आणि गांवांत संदेष्टा नसेल तर हें सर्व गरिबांना द्यावें.

ही सावधगिरी अनाठायीं नव्हती, हें एका परक्या साक्षीदारावरून दिसतें. सामोसाटाचा लूशियन हा दुसऱ्या शतकांतला उपहासकार ख्रिस्ती नव्हता. त्यानें पेरेग्रिनस नांवाच्या एका भटक्या तत्त्वज्ञाचें चरित्र रंगविलें आहे. हा गृहस्थ पॅलेस्टाइनांत ख्रिस्ती लोकांत शिरून त्यांचा पुढारी झाला व पुढें तुरुंगांत पडला. तेव्हां म्हाताऱ्या विधवा व पोरकीं मुलें पहांटेपासून तुरुंगाच्या दाराशीं बसत, आंत जेवण जाई, दूरदूरच्या मंडळ्यांकडून माणसें व पैसे येत. अशा भोळ्या लोकांत एखादा चलाख भोंदू थोड्याच दिवसांत श्रीमंत होतो, असें लूशियन म्हणतो. पेरेग्रिनसनें पुढें इ. स. १६५ त ऑलिंपिया येथें जत्रेसमोर स्वतःला जाळून घेतलें. लूशियनचें लिखाण अतिशयोक्तीचें आहे; पण हंसण्याच्या भरांत त्यानें त्या विधवांच्या मायेची जी नोंद केली, तशी त्यांच्या मित्रांनींहि क्वचितच केली असेल.

आतां दुसरी बाजू. नव्या करारांत योहानाचें तिसरें पत्र म्हणून एक अगदीं चिमुकलें पत्र आहे. तें एका 'वडिलां'नीं गायस नांवाच्या सद्गृहस्थास लिहिलें. अनोळखी बंधूंना त्यानें घरीं ठेवून घेतलें याबद्दल त्याची स्तुति, त्यांना पुढच्या प्रवासाची सोय करून द्यावी अशी विनंति, आणि दियत्रफेस नांवाच्या पुढाऱ्याविषयीं तक्रार. हा पाहुण्यांना स्वतः घेत नाहीं, घेणाऱ्यांस अडवितो, इतकेंच नव्हे तर त्यांना मंडळीबाहेर काढतो ! दियत्रफेसाचें नांव तेव्हांपासून काळें झालें आहे. परंतु त्याची कैफियत आपल्यापर्यंत आलेली नाहीं, आणि त्याच वडिलांचें समजलें जाणारें दुसरें पत्र पाहावें तों त्यांत असा हुकूम आहे कीं, आपली शिकवण न आणणाऱ्यास घरांत घेऊं नका, त्याला नमस्कारहि करूं नका. वडिलांनीं इतरांविषयीं जें सांगितलें, तेंच दियत्रफेसानें वडिलांच्या माणसांविषयीं केलें. अमुकच दांडगा होता असा निकाल देण्यास माझें मन घेत नाहीं.

दाराची किल्ली हळूहळू यजमानाच्या हातून गेली. 'डिडाखे'च्या पंधराव्या अध्यायांतच सांगितलें आहे कीं, आपल्यांतून सौम्य व निर्लोभी असे अध्यक्ष व सेवक निवडा. संदेष्ट्यांचें व शिक्षकांचें काम तेहि करतात, त्यांना तुच्छ लेखूं नका. तुच्छ लेखूं नका असें सांगावें लागतें, यावरून लोकांची ओढ फिरत्या वक्त्याकडेच होती हें उघड आहे. हे अध्यक्ष म्हणजेच पुढचे बिशप. इ. स. ४५१ च्या कॅल्सेडॉनच्या परिषदेनें तर ठरवूनच टाकलें कीं, परगांवच्या धर्माधिकाऱ्यानें आपल्या बिशपचें शिफारसपत्र असल्याशिवाय दुसऱ्या गांवीं सेवा करूं नये. फसवणूक कमी झाली असेल. पण त्याबरोबर पाहुण्याला पारखण्याचें गृहस्थाचें कामहि संपलें.

या मधल्या काळांतली एक हकीकत युसेबियस या चर्चच्या जुन्या इतिहासकारानें दिली आहे. इ. स. २१५ च्या सुमारास अलेक्झांड्रियांत दंगल माजल्यामुळें तेथील विख्यात शिक्षक ओरिजेन पॅलेस्टाइनांत आला. त्याला अद्याप धर्मगुरुपदाची दीक्षा नव्हती. तरी कैसरिया येथील मंडळींत शास्त्रावर व्याख्यान द्यावें अशी विनंति तेथल्या बिशपांनीं केली व त्यानें तें दिलें. हें कळतांच अलेक्झांड्रियाच्या देमेत्रियस बिशपनें रागाचें पत्र धाडलें : बिशपांसमक्ष दीक्षाहीन मनुष्यानें बोलावें असें कधीं ऐकलें नाहीं ! यजमानांनीं भीड न ठेवतां उलट उत्तर दिलें, आणि जेथें जेथें असें पूर्वीं घडलें त्या गांवांचीं व बिशपांचीं नांवें लिहून पाठविलीं. ओरिजेनला तूर्त परत जावें लागलें. पुढें कैसरियाच्या मित्रांनीं त्याला दीक्षाहि दिली. तेव्हां देमेत्रियसचा कोप इतका वाढला कीं ओरिजेननें अलेक्झांड्रिया कायमची सोडली व तो कैसरियासच राहिला. पाहुणा म्हणून जेथें बोलला, तेथेंच त्यानें पुढें वर्षानुवर्षें प्रवचनें केलीं. साठी उलटल्यावर त्यानें, इतके दिवस नाकारलेली परवानगी देऊन, तीं बोलतां बोलतां लघुलेखकांकडून उतरवून घेऊं दिलीं. त्यांपैकीं स्तोत्रांवरचीं एकोणतीस प्रवचनें मूळ ग्रीक भाषेंत २०१२ सालीं म्यूनिकच्या ग्रंथालयांतील एका हस्तलिखितांत ओळखूं आलीं.