कावळा शिवला!

दहाव्या दिवशी घाटावर पिंड मांडून सारे आप्तेष्ट कावळ्याची वाट पाहत उभे असतात. हात जोडतात, "मागच्यांची काळजी करू नका, आम्ही आहोत" असे वचन देतात. तरी तो समोरच्या पिंपळावरून मान वाकडी करून नुसता बघत राहतो. अखेर दर्भाचा कावळा करून शिववावा लागतो. आणि हाच मानी पक्षी घरातल्या बाईला मात्र, कुणी आवतण न देता, दर महिन्याला नेमाने शिवून जातो! लहानपणी या पक्षपाताचे मला मोठे कोडे होते.

आजोळी एकदा मावशी मागच्या पडवीत घोंगडी टाकून बसली होती. "मावशी घरात का येत नाही?" मी विचारले. "तिला कावळा शिवलाय," आजीने उत्तर दिले. झाले! मी हातात खडा घेऊन दुपारभर परसात दबा धरला. कावळा आला, मी नेम धरला, आणि खडा लागला तो आजीच्या लोणच्याच्या बरणीला. आजीने माझा उद्धार केला आणि मावशी पदर तोंडाला लावून हसत सुटली. त्या कावळ्याचा खरा अर्थ कळायला मला आणखी पाच वर्षे लागली. माझ्यावर ती वेळ आली तेव्हा एक अख्खा दिवस मी, आपल्याला कसला तरी असाध्य रोग झाला, या खात्रीने माळ्यावर रडत बसले होते. कावळ्याची सगळी हकीकत ठाऊक असूनही मला खरे काय ते कुणीच सांगितले नव्हते.

वाचकहो, या एका गोष्टीसाठी आपण किती शब्द झिजवले आहेत पाहा! बाहेरची झाली, दूर बसली, शिवायची नाही, अडचण आहे, विटाळशी आहे. आपणच तेवढे लाजरे असेही नाही. फ्रान्समध्ये बायका 'इंग्रज उतरले' असे म्हणत. नेपोलियनच्या काळातल्या इंग्रज शिपायांचे डगले लाल होते ना! त्यांच्याकडे पलटण येते, आपल्याकडे कावळा येतो, एवढाच फरक.

आपल्याकडे हा कारभार फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेत कथा आहे की, इंद्राने त्वष्ट्याचा तीन तोंडांचा मुलगा विश्वरूप याला मारले आणि ब्रह्महत्येचे पातक डोक्यावर घेतले. ते त्याने पृथ्वी, वृक्ष आणि स्त्रिया यांना एकेक तृतीयांश वाटून दिले. म्हणजे हत्या केली देवांच्या राजाने, आणि दर महिन्याला कोपऱ्यात बसायचे मावशीने! पुढे स्मृतिकारांनी तीन दिवसांना तीन नावे दिली. पहिल्या दिवशी ती चांडाळी, दुसऱ्या दिवशी ब्रह्मघातिनी, तिसऱ्या दिवशी रजकी. चौथ्या दिवशी न्हाली की शुद्ध. एकाच श्लोकात बाईचाही अपमान आणि राबणाऱ्या दोन जातींचाही. काटकसर म्हणतात ती ही!

पण याच मराठी मातीत दुसराही सूर उमटला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना समजावले की, नाकातून शेंबूड येतो तसाच हाही देहाचा एक धर्म. त्यात विटाळ कसला? त्यानंतरच्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी अभंगातून विचारले की, ज्या विटाळातून देह घडतो, तो चुकवून जन्माला आलेला जगात कोण आहे? सोयराबाईंना विटाळ दोन्हीकडून ठाऊक होता, बाई म्हणून आणि जात म्हणूनही. या प्रश्नाचे उत्तर अद्याप कुणाला देता आलेले नाही.

खरी गंमत तर पुढेच आहे. महिन्याच्या महिन्याला ज्याचा विटाळ, त्याचेच पहिले आगमन मात्र वाजतगाजत व्हायचे! तेव्हा कावळ्याचे नाव नाही. 'न्हाण आले', 'पदर आला' असे गोड शब्द. मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गोडधोड करत, बायका गाणी म्हणत. हा आनंद कशाचा? लग्न आधीच झालेले असे. आता गर्भाधान विधी करून पोरीला नवऱ्याच्या स्वाधीन करायचे. पोर दहा-बारा वर्षांची. कलकत्त्याकडे फुलमणी नावाची अशीच एक दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या हातून मरण पावली आणि देश हादरला. त्यातून 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. टिळकांनी कायद्याला कडाडून विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला, भांडारकरांनी धर्मशास्त्रातूनच अनुकूल आधार काढून दाखवले. ज्या गोष्टीवर माजघरात कावळ्याचे पांघरूण होते, तिच्यावर सभांतून आणि वर्तमानपत्रांतून महिनोन्‌महिने रणे माजली!

पुढे 1929 च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. मुली शाळेत जाऊ लागल्या, लग्ने लांबली, तसे मखरही हळूहळू माळ्यावर गेले. ते गेले ते उत्तमच झाले. पण त्या मखराबरोबर निदान चार बायका मुलीभोवती बसून तिला दोन गोष्टी सांगत, त्याही गेल्या. मागे उरला तो फक्त कावळा. आणि कावळा काही समजावून सांगत नाही.

परवा माझ्या वर्गात सातवीतली एक मुलगी उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाई, मला पाळी आली आहे. मी घरी जाऊ?" मागच्या बाकावर थोडी खसखस पिकली. मी खडू उचलला आणि मराठीचा तास अर्धा तास शरीरशास्त्राला दिला. खसखस पाच मिनिटांत थांबली. मुलगे मुलींपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होते; त्यांच्याही घरी आई आहे, बहीण आहे. मला मात्र माळ्यावरची ती रडणारी पोर आठवत होती.

'पाळी' हाही तसा आडपडद्याचाच शब्द. पाळी म्हणजे क्रम: शेताला पाणी देण्याची पाळी, राखणीची पाळी. पण त्यात शिवी नाही, पातक नाही, पक्षीही नाही.

या दिवाळीत कुठल्या तरी घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एखादी काकू उंबऱ्याबाहेर थबकेल आणि एखादे पोर विचारेल, "काकू आत का येत नाही?" तेव्हा खरे सांगण्याची पाळी आपली आहे. कावळ्याला बिचाऱ्याला पितृपक्षातच पुष्कळ काम असते.