कोन्याकचें पीप आणि पिंपळनेरचा मोह

खानदेशांत पांझरा नदीच्या कांठीं पिंपळनेर हें गांव आहे. पूर्वीं तें तालुक्याचें ठाणें होतें; पुढें तो मान साक्रीस मिळाला. गांवाच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा असून त्या मुलखांत भिल्ल, मावची व कोकणी लोकांची वस्ती आहे. उन्हाळ्याच्या तोंडीं पहाटे मोहाचीं फुलें झाडाखालीं पडतात. तीं वेंचून वाळवितात. दुष्काळांत तें अन्न, आणि एरवीं सणावाराच्या पेयाचें साधन. फुलें पाण्यांत आंबवावयाचीं, भट्टीवर उकळावयाचीं आणि वाफ थंड करून दुसऱ्या भांड्यांत उतरवावयाची, एवढीच ती कृति.

फ्रान्सच्या पश्चिम भागांत शारांत नदीच्या कांठीं कोन्याक नांवाचें शहर आहे. तेथील जगप्रसिद्ध ब्रँडीची कृतिही मुळांत हीच. पांढऱ्या द्राक्षांची आंबट व हलकी वाइन तांब्याच्या भट्टींतून दोनदां गाळतात. निघणारा अर्क पाण्यासारखा निर्मळ आणि सुमारें ७० टक्के मद्यार्काचा असतो. खरा भेद पडतो तो यापुढें. हा अर्क ओक लांकडाच्या पिपांत वर्षानुवर्षें ठेवितात. लांकूड त्यास रंग व सुगंध देतें, सच्छिद्र फळ्यांतून हवा त्याची उग्रता कमी करते, आणि दरवर्षीं त्याचा कांहीं अंश उडून जातो. त्या अंशास तेथील लोक ‘देवदूतांचा वांटा’ म्हणतात.

अशा जुन्या ब्रँडीची पारख कशी करावी? बाटलीवर व्ही. एस. हीं अक्षरें असल्यास मिश्रणांतील सर्वांत कोवळा अर्क निदान २ वर्षांचा, व्ही. एस. ओ. पी. असल्यास ४ वर्षांचा, आणि एक्स. ओ. असल्यास २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणें १० वर्षांचा असतो. फ्रेंच मालावर हीं इंग्रजी अक्षरें आलीं, कारण या व्यापाराचें मोठें गिऱ्हाईक इंग्लंडांत होतें. मार्तेल पेढी १७१५ सालीं जर्सी बेटावरील गृहस्थानें, तर हेनेसी पेढी १७६५ सालीं एका आयरिश गृहस्थानें काढली. ब्रँडीचें वय पिपांतच वाढतें. बाटली कपाटांत ३० वर्षें राहिली तरी आंतील ब्रँडी एका दिवसानेंही प्रौढ होत नाहीं. गडद रंगावरही भुलूं नये, कारण जळक्या साखरेचा रंग मिसळण्यास मुभा आहे. तोंडाशीं निमुळत्या पेल्यांत थोडीशी घेऊन प्रथम दुरून वास घ्यावा, मग लहानसा घोट. चव जिभेवर जितकी अधिक रेंगाळेल तितकी ती उत्तम.

१८७० नंतर फायलोक्झेरा नामक किडीनें कोन्याकचे द्राक्षमळे उध्वस्त केले. त्या टंचाईच्या काळांत मुंबई बंदरांतून वाळलेलीं मोहफुलें फ्रान्सला जाऊं लागलीं व त्यांपासून तेथें हलकी दारू गाळली गेली. म्हणजे फुलांत गुण नव्हता असें नाहीं. परंतु त्याच सुमारास, १८७८ सालीं, मुंबई इलाख्यांत आबकारीचा कायदा झाला. गाळण्याचें काम सरकारमान्य भट्ट्यांकडे व विक्री मक्तेदारांकडे जाऊन घरची भट्टी गुन्हा ठरली.

मोहाची दारू ताजीच पिण्याची रीत जुनीच होती हें खरें. तथापि ती बदलण्यास लागणारी निर्भयता तिला कधीं लाभली नाहीं. कोन्याकच्या आजोबानें भरलेलें पीप नातवाच्या हातीं सुखरूप पडतें, कारण कायदा त्या पिपावर पहारा करितो. १९०९ सालीं त्या प्रदेशाची सीमा ठरली आणि १९३६ सालीं तें नांवही संरक्षित झालें. डोंगरांतील मडक्यावर मात्र कायद्याची धाड येई. जें लपवावें लागतें, तें मुरवितां येत नाहीं.

दारूनें कर्जबाजारी झालेलीं घरेंही याच मुलखांत होतीं. १९३८ च्या सुमारास तळोद्याकडे गुलाम महाराजांनीं आदिवासींत व्यसनत्यागाची चळवळ उभी केली, ती या दुःखांतूनच. ती हांक समाजाच्या आंतून आली म्हणून हजारोंनीं ती मानली; १८७८ च्या कायद्यास तो मान मिळाला नाहीं. अलीकडे मध्य प्रदेशांत मोहाच्या दारूस वारसा-मद्य म्हणून मान्यता मिळाली आहे. जुन्या ब्रँडीच्या पेल्याचें कौतुक करतांना त्या सुगंधांत द्राक्षांइतकाच निश्चिंत काळाचाही वांटा आहे, आणि तो काळ सर्वांस सारखा मिळालेला नाहीं, हें रसिकांनीं विसरूं नये.